इंदूताई तसं म्हणाल्या नव्हत्या

संपादकबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "शुभाताई, इतकी वर्षं वेलिंग्टनला नाटकात काम केलंत. दिवाळी अंकासाठी पडद्यामागच्या गमतीजमती लिहा ना. हलकंफुलकं काहीतरी." मी हो म्हणून बसले. पण लिहायला घेतलं की दुसऱ्याच ओळीला गंमत संपते आणि राग सुरू होतो. मी निवृत्त झाले, तो अजून झालेला नाही. तेव्हा हलकंफुलकं हवं असेल त्यांनी सरळ पुढचा लेख उघडावा.

मी स्टेज मॅनेजर होते. हे सांगितलं की आपली माणसं विचारतात, "म्हणजे पडदा ओढायचा का?" पडदा ओढायचा असता तर मी आज जास्त शांत असते. प्रेक्षागृहाच्या मागे, उंचावर एक काचेची खोली असते, तिला बूथ म्हणतात. तिथे कानाला हेडफोन लावून बसायचं. पुढ्यात संहिता, आणि तिच्यात जागोजागी माझ्या खुणा. दिवा कधी मंद करायचा, दारावरची बेल कधी वाजवायची, कुणाला विंगेतून कधी सोडायचं, हे सगळं मी म्हणेन तेव्हा होणार; त्या इशाऱ्याला क्यू म्हणतात. दिग्दर्शक नाटक बसवतो, शुभारंभाला हातात वाइनचा ग्लास घेऊन सगळ्यांच्या गळ्यात पडतो आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या नाटकाला निघून जातो. मागे नाटक राहतं आणि मी राहते. ते बसवलं तसंच्या तसं रोज व्हावं, हे बघायचं माझं काम. नटाने मनचं वाक्य घातलं तर मध्यंतरात जाऊन त्याला गोड शब्दांत दटावायचं. मी फार गोड कधी बोलले नाही, पण माझी नाटकं वेळेवर सुरू झाली आणि वेळेवर संपली.

गमती नव्हत्याच असं नाही. एक नट होता, त्याला तिसऱ्या प्रवेशात रंगमंचावर जेवायचं असे. तो दुसऱ्या प्रवेशातच विंगेत उभा राहून ताट साफ करी. एकदा विनोदी नाटकात ऐन रंगात भूकंप झाला. खराखुरा, इथे होतो तसा. छताचे दिवे लोंबकळायला लागले आणि प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या! मी माईकवरून ओरडले, "हा आमचा नाही, खुर्च्यांखाली बसा," तर त्यावरही हशा. थिएटरमध्ये माणसं कशावर हसतील याचा भरवसा नसतो, हे मला तेव्हा कळलं.

झाल्या गमती. आता इंदूताईंबद्दल सांगते.

२०१६ चा हिवाळा. दिग्दर्शकाला मी डंकन म्हणते. खरं नाव लिहायची माझी तयारी होती, संपादकबाईंची नाही. डंकनने एक जुनं रशियन नाटक हाती घेतलं होतं. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचं. गावाकडची इस्टेट, पडझडीला आलेलं कुटुंब, आणि दिवसभर चहा पीत बसलेली माणसं. एकमेकांवर जीव आहे, पण कुणी कुणाचं ऐकत नाही. डंकनला वाटलं, हे कुटुंब आजचं करावं आणि मराठी करावं. इस्टेटीच्या जागी वेलिंग्टनजवळच्या लोअर हटमधलं तीन बेडरूमचं घर. चहाच्या समोवारच्या जागी आपलं स्टीलचं पातेलं. मोठी झालेली मुलं इंग्रजीत बोलणार आणि आई मराठीत. इथल्या आपल्या घराघरांत चालतं, तस्संच. कल्पना मला आवडली होती. तेवढं श्रेय त्याचं आहे आणि ते मी त्याला देते.

आईच्या कामासाठी त्याला सत्तरीची, मराठी, रंगमंचावर उभी राहू शकेल अशी बाई हवी होती. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मी इंदूताईंना एक प्रवेश करताना पाहिलं होतं. जन्मभर मुंबईच्या शाळेत गणित शिकवलं आणि संध्याकाळी हौशी नाटकं केली. यजमान गेल्यावर अप्पर हटला मुलाकडे आल्या. मुलगा निखिल आयटीत, सून हॉस्पिटलमध्ये, दोन नाती. मी त्यांना विचारायला घरी गेले तेव्हा त्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"खरं काम आहे का गं?" त्यांनी विचारलं. "की नुसतं साडी नेसून मागे बसायचं?"

"खरं आहे. तिसऱ्या अंकात तुमचं मोठं बोलणं आहे."

त्या घडी घालायच्या थांबल्या. आतल्या खोलीत नाती टीव्ही बघत होत्या. इंदूताईंनी हाक मारली, "मुलींनो, चहा टाकतेय, दूध हवंय का?" आतून उत्तर आलं, "नो थँक्स, आजी, वी आर गुड." इंदूताई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "गुणी आहेत पोरी. निखिलही चांगला आहे, तक्रार नाही. पण इथे आल्यापासून माझं बोलणं कुणी शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. अर्ध्यात 'हो आई' म्हणतात आणि उठतात. मी बोलेन आणि हॉलभर लोक गप्प बसून ऐकतील असं असेल, तर मी येते."

त्यांना मानधनाचं अप्रूप नव्हतं आणि फोटोचंही नव्हतं. त्यांना ते एक बोलणं हवं होतं.

प्रवेश असा होता. सगळे जेवायला बसलेत. मुलं इंग्रजीत ठरवताहेत की घर विकायचं आणि आईला वृद्धाश्रमात पाठवायचं. आई वाढते आहे. मग ती हातातला डाव खाली ठेवते आणि बोलते. डंकनने ते इंग्रजीत लिहून दिलं होतं, त्याचं मराठी मी आणि इंदूताईंनी मिळून केलं. शेवट असा होता: "मला कुठे ठेवायचं ते ठरवताय, ठरवा. पण माझ्यासमोर बसून, माझ्या हातचं जेवत, मी इथे नसल्यासारखं ठरवू नका. तुमच्या वडलांना याच दारातून नेलं. मला न्यायचं असेल तर आधी माझ्याकडे बघा. एकाने तरी बघा."

तालमीत त्या हे पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा मुलाचं काम करणारा रोहन पुढचं वाक्य विसरला. रोहनचा जन्मच लोअर हटचा. त्याला मराठी समजतं, बोलता येत नाही. तो नुसता बघत राहिला.

आता मराठी न कळणाऱ्या प्रेक्षकांचं काय? तर रंगमंचाच्या वर, नटांच्या मागच्या अंगाला एक लांबट काळी पट्टी टांगलेली असते. नट मराठीत बोलला की तिच्यावर इंग्रजी ओळ उमटते. सिनेमात सबटायटल आपोआप येतात, कारण सिनेमा रोज तोच असतो. नाटकात माणूस श्वास घेतो, थांबतो, कधी अडखळतो, म्हणून ती प्रत्येक ओळ हाताने सोडावी लागते. लवकर सोडली तर नट बोलायच्या आधीच लोकांना कळतं, उशिरा सोडली तर सगळं मुसळ केरात. आमचं थिएटर लहान, माणसं कमी, त्यामुळे दिव्यांबरोबर पट्टीचं बटणही माझ्याच हाताखाली होतं. इंग्रजी ओळी मी केल्या होत्या, इंदूताईंच्या बोलण्याला धरून.

शुभारंभाच्या आधी दोन-तीन प्रयोग कमी तिकिटात करतात, प्रेक्षकांचा अंदाज घ्यायला. त्यातला दुसरा झाला आणि डंकन बूथमध्ये आला.

"शुभा, तिसरा अंक फार जड होतोय. लोकांना कुठे बघावं कळत नाहीये. तिथे एक हशा हवा."

"तिथे कुठे? आईच्या बोलण्यावर?"

"इंदूला काही बदलायला नको, ती मस्त करतेय. आपण फक्त वरची ओळ बदलू." आणि त्याने मला नवी ओळ दिली. इंदूताई म्हणणार, "एकाने तरी बघा," आणि वर पट्टीवर येणार, "हू'ज गोइंग टु मेक युअर करी देन?" म्हणजे मी गेले तर तुम्हाला करी कोण करून घालणार!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. करी! आमच्या घरात कुणी जन्मात करी केलेली नाही. आमटी होते, रस्सा होतो, कालवण होतं. मी म्हटलं, "डंकन, ती असं म्हणत नाहीये."

"भावना तीच आहे."

"मुळीच नाही. ती भांडतेय आणि तू तिला विनोद करायला लावतोयस. तेही तिच्या पाठीमागे."

"पाठीमागे नाही, डोक्यावर," तो म्हणाला आणि स्वतःच हसला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, "ट्रस्ट मी. तिला मी सांगतो. स्वीट अ‍ॅज."

स्वीट अ‍ॅज म्हणजे इथल्या बोलीत काळजी नको. पण त्याने सांगितलं नाही. शुभारंभाला इंदूताई शेवटचं वाक्य म्हणाल्या, मी बटण दाबलं आणि हॉल खो खो हसला. मला काचेतून दिसलं, त्यांचा टेबलाच्या कडेवरचा हात आवळला गेला. पण बाई जुन्या मुरलेल्या. प्रवेश पुरा केला. बाहेर येताच पहिला प्रश्न, "शुभा, माझा पदर सुटला होता का?"

"नाही."

"मग हसले का गं?"

मी त्यांना हाताला धरून बाहेर दर्शनी दालनात, फॉयरमध्ये, डंकनसमोर नेलं आणि म्हटलं, "आता सांग." डंकनने त्यांना मिठी मारली. "इंदू, दे लव्ह्ड यू! तू उपजत विनोदी नटी आहेस!" आणि तो दुसऱ्या घोळक्याकडे वळला. सकाळच्या विमानाने तो ऑकलंडला निघून गेला. त्याआधीच, त्याच रात्री, ड्रेसिंग रूममध्ये मी इंदूताईंना सगळं सांगितलं. ओळ वाचून दाखवली.

त्यांनी ती दोनदा वाचायला लावली. मग म्हणाल्या, "करी?"

"मी उद्या पट्टी कोरी ठेवते," मी म्हटलं.

"आणि तुला काढलं म्हणजे? नको." त्या बांगड्या उतरवायला लागल्या. "शनिवारी आपलं मंडळ येतंय ना? अर्धा हॉल मराठी असेल. निखिल येईल, मुली येतील. त्यांना कुठे पट्टी लागते? ते ऐकतील. तेवढ्यासाठी मी बाकीचे दिवस काढते."

मलाही तसंच वाटलं होतं. शनिवारी मंडळी आली, पैठण्या आणि पफर जॅकेटं घालून. फॉयरमध्ये "अय्या, किती दिवसांनी!" चाललेलं. दिवे मंद केले, नाटक सुरू झालं आणि बूथमधून मला फक्त डोक्यांच्या मागच्या बाजू दिसायला लागल्या. तिसऱ्या अंकात इंदूताईंनी डाव खाली ठेवला. त्या दिवशी त्या जितक्या चांगल्या बोलल्या तितक्या कधीच बोलल्या नव्हत्या. आणि ती सगळी डोकी वर! जन्मापासून जी भाषा बोलतात ती समोर दहा पावलांवर कानावर पडतेय आणि हे वर बघून इंग्रजी वाचताहेत. "एकाने तरी बघा," असं इंदूताई म्हणाल्या आणि अख्खं मंडळ खदखदून हसलं. परक्यांचं हसणं मी समजू शकते. आपल्या माणसांचा मला जो राग आला तो आजही तसाच आहे. हा अंक त्यांच्यातले बरेच जण वाचतील. वाचावा.

नंतर निखिल आत आला, चेहरा आनंदाने फुललेला. "आई, कसली कमाल कॉमेडी केलीस! ते करीचं तर भारीच."

"निखिल, मी करी म्हणाले?"

तो गोंधळला. "म्हणजे, वर लिहिलं होतं ना."

"आणि मी खाली उभी होते," इंदूताई म्हणाल्या.

पुढच्या प्रयोगाआधी त्यांनी मला काही सांगितलं नव्हतं. बोलणं झालं, करीची ओळ उमटली, हशा झाला. इंदूताई प्रेक्षकांकडे पाठ करून वळल्या, मान वर करून पट्टीकडे बघितलं आणि शाळेत फळ्यावरचं वाचावं तशी ती ओळ मोठ्याने वाचली. मग परत वळून स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या, "आय डिड नॉट से दॅट. आय सेड, लूक अ‍ॅट मी." हॉल असा शांत झाला की हीटरची घरघर ऐकू आली. मग टाळ्या. मी हेडफोन काढून डोळे पुसले आणि पुढचा क्यू चुकवला. माझ्या आयुष्यात चुकलेला क्यू तो एकच आणि मला त्याचं काडीइतकं वाईट वाटत नाही.

हे इथे संपलं असतं तर मी संपादकबाईंना हलकाफुलका लेख दिला असता.

दुसऱ्या दिवशी डंकनचा फोन. कुणीतरी त्याला कळवलं होतं. मी भांडणाच्या तयारीने फोन घेतला. पण तो आनंदाने ओरडत होता. "शुभा, इट्स गोल्ड! आपण ते ठेवतोय. ओळ, हशा, मग ती वळते, वाचते. वाचताना तिच्या चेहऱ्यावर दिवा दे. बाकीचा रंगमंच काळा."

"डंकन, ती नाटक करत नव्हती. ती तुझ्यावर चिडली होती."

"म्हणूनच तर! रोज तसंच चिडायचं."

आणि हे इंदूताईंना सांगायचं काम कुणाचं? माझं. मी सांगितलं. त्या आरशासमोर कुंकू लावत होत्या. म्हणाल्या, "आधी माझं बोलणं घेतलं. आता रागसुद्धा घेतला का?" तरी त्यांनी केलं, कारण बाकीच्या पोरांचे प्रयोग बुडायला नकोत म्हणाल्या. मी दिवा दिला. त्या वळल्या, ओळ वाचली, चिडल्या. टाळ्या पडल्या. विंगेत येऊन तिथल्या हेडफोनवरून त्या मला म्हणाल्या, "झाली माझी सर्कस." असे काही दिवस गेले. रोज बरोबर त्याच जागी टाळ्या पडायच्या आणि रोज माझ्या तोंडाला कडवटपणा यायचा.

शेवटच्या प्रयोगाला डंकन ऑकलंडहून आला आणि बूथमध्ये माझ्याशेजारी उभा राहिला. हॉल भरलेला होता. खाली रांगेच्या कडेच्या खुर्चीवर निखिल एकटाच बसला होता. आईला न्यायला आला होता, तिकीट उरलं होतं म्हणून आत बसला.

तिसरा अंक. जेवणं. रोहन इंग्रजीत म्हणाला की ठरलं तर मग, सोमवारी एजंटला बोलावतो. इंदूताईंनी डाव खाली ठेवला. मी बटणावर बोट ठेवलं.

त्या बोलल्याच नाहीत.

त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि समोर बघत राहिल्या. मला वाटलं, वाक्य विसरल्या. मग त्यांचा चेहरा बघितला आणि कळलं. विसरल्या नव्हत्या. प्रेक्षकांची डोकी सवयीने वर गेली होती. पट्टी काळी होती. ती तशीच काळी राहिली. डंकन माझ्या कानाशी कुजबुजला, "ओळ टाक. ओळ टाक ना!"

"ती काही बोललेली नाही," मी म्हटलं. "काय टाकू?"

त्याने बटणाकडे हात केला. मी तो मनगटाशी धरला आणि धरूनच ठेवला. खाली ती डोकी अजून वर बघत होती. मग एक खाली आलं, शेजारचं आलं, मग रांगच्या रांग. वर काही येत नाही म्हटल्यावर माणसांना समोर बसलेल्या बाईकडे बघावं लागलं. कुणी खोकलंसुद्धा नाही. इंदूताईंनी भरपूर वेळ घेतला. मग उठल्या, सगळ्यांच्या पुढ्यातली ताटं उचलली, रोहनचं अर्धं भरलेलं ताटसुद्धा, आणि आत गेल्या.

नाटक संपल्यावर डंकन ड्रेसिंग रूममध्ये तरातरा आला. "इंदू, ती ओळ कुठे गेली? व्हॉट हॅपन्ड टु द लाइन?"

इंदूताई केसांतल्या पिना काढत होत्या. त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही. "इट वॉज युअर लाइन, डंकन. यू गो अँड से इट."

त्यानंतर डंकनने मला कधी काम दिलं नाही. त्याने हेच नाटक पुढे दुसऱ्या बाईला घेऊन केलं, करीसकट, आणि म्हणे चांगलं चाललं. ते ऐकून मला संताप आला होता. तो मी इथे लिहून ठेवते आहे.

त्या रात्री मी इंदूताईंची पिशवी घेऊन त्यांना मागच्या दारापर्यंत सोडायला गेले. निखिल पॅसेजमध्ये उभा होता, गाडीची किल्ली हातात घट्ट धरून. आम्हाला बघून तो पुढे आला. मग म्हणाला, "आई, काय म्हणायचं होतं तुला?"

इंदूताईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. माझ्या हातातली पिशवी घेतली आणि त्याच्या हातात दिली.

"चल, सांगते. गाडीत रेडिओ लावू नकोस."